मरळ धरणाऱ्याने जिताडा कसा धरावा

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, ज्या गड्याला तलावातली मरळ धरता येते त्याला खाडीतला जिताडाही धरता येईल, हे मी ठासून सांगतो. फक्त खाडीवर पाय ठेवल्यावर त्याने घड्याळ बदललं पाहिजे. मरळीचं घड्याळ तिच्या श्वासात आणि उन्हात असतं, जिताड्याचं पाण्याच्या ओढीत. रॉड कोणता घ्यायचा, रबरी मासा कोणत्या रंगाचा लावायचा, हे सगळं त्याच्यानंतर.

माझं दुकान मोटार वाइंडिंगचं, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. उन्हाळी धानाला पाणी चालू असलं की जळालेल्या मोटारी दारात ओळीने पडून असतात आणि गिऱ्हाईक बसल्या बसल्या तलावाच्या गोष्टी काढतं. धाकटी बहीण पेणला दिली. जावई खारपट्ट्यातले, लहानपणापासून खाडीवर गरवणारे. भाऊबीजेला गेलो की ते मला सोडत नाहीत, आणि ते इकडे आले की मी त्यांना सोडत नाही. आता गावची पोरं पनवेल-खोपोलीकडे कंपन्यांत लागली आहेत. रविवारी फोन येतात, "काका, इथं खाडी आहे, काय टाकू? रबरी बेंडूक घेऊन बसलो सकाळपासून, काहीच लागून नाही राहिलं." त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

आधी दोन्ही मासोळ्या नीट ओळखून घ्या. आपल्याकडे मरळ दोन प्रकारची लागते. एक करड्या-काळ्या अंगाची, तिरप्या पट्ट्यांची. ती तलावात असते, बोडीत, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यात, असते, पावसाळ्यात धानाच्या बांधीतही चढते. किलो-दीड किलोची भेटली तर दिवस चांगला. दुसरी मोठी, लांब अंगाची. तिच्या शेपटीच्या बुडाशी काळा गोल ठिपका आणि त्याच्याभोवती फिकट कडं. ती मोठ्या तलावात आणि नदीच्या डोहात राहते आणि मीटरभराच्याही वर जाते. दोघींचं डोकं चपटं, डोक्यावर मोठाले खवले, अंग गोल, पाठीवरचा पर डोक्याच्या मागून निघून शेपटीजवळ संपतो. खालच्या जबड्यात सुळे.

जिताडा वेगळाच गडी. अंगाने उंच, दोन्ही बाजूंनी दबलेला, रंग चांदीचा, पाठ काळसर-हिरवट. डोळ्यांच्या वर कपाळाला बाक, खालचा जबडा पुढे आलेला, शेपटी रुंद आणि गोल. रात्री बॅटरीचा उजेड पडला की डोळे लाल चमकतात. सुळे नाहीत; बारीक दातांच्या खरखरीत पट्ट्या आहेत, त्यावर अंगठा फिरवला तर सालटं निघतं. दीड-पावणेदोन मीटर आणि पन्नास-साठ किलोपर्यंत वाढलेले जिताडे जगात नोंदले गेले आहेत. तुमच्या गरीला येणारा मात्र दोन ते पाच किलोचा धरून चाला.

त्याला खाऱ्या पाण्यातला म्हणतात, पण तो पुरता समुद्रातला नाही. पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात तो अंडी घालतो. पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर आत येतात, खारजमिनीत, नाल्यात, भातशेतीच्या कडेला वाढतात. पेण-अलिबागकडे लोक ही पिल्लं घराजवळच्या तळ्यात सोडतात आणि चक्क गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं वाढवतात. बहिणीच्या सासरी असं तळं आहे. घरात कोणाचं लग्न ठरलं की त्या तळ्याकडे आधी नजर जाते. पण त्या तळ्यात जिताडा कितीही मोठा झाला तरी तिथे त्याची वीण होत नाही, त्याला खारं पाणीच लागतं. आणखी एक गंमत अशी की जिताडा आयुष्य नर म्हणून सुरू करतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. मीटरभराच्या आसपासचा जिताडा लागला तर तो बहुतेक मादी असतो. हे पुढे सोडण्याच्या वेळी उपयोगी पडेल.

मरळीचा जन्म आणि मरण दोन्ही गोड्या पाण्यात. पाऊस लागला की ती गवतात, कमळाच्या पानांत जागा साफ करते, अंडी वर तरंगतात आणि आई-बाप राखण करतात. पिल्लं तांबूस-केशरी रंगाची असतात. त्यांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात उकळी फुटल्यागत हलत असतो आणि थव्याच्या खाली मरळ असते. त्यावर गरी टाकली तर ती हमखास झेपावते, कारण तिला भूक नसते, राग असतो. काही जण यालाच शिकार म्हणतात. मी म्हणत नाही. आई उचलली की बाकीच्या मासोळ्या तो थवा बघता बघता साफ करतात आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्याच पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून तलावाला शिव्या देता.

जागा वाचणं

हा भाग तुम्हाला येतो, त्यामुळे लवकर उरकतो. दोन्ही मासे पाठलाग करून खाणारे नाहीत. आडोशाला उभे राहतात आणि जवळ आलेलं गिळतात. तलावात तुम्ही कुठे टाकता? कमळाच्या पानांच्या कडेला, देवधानाच्या, म्हणजे रानटी भाताच्या, पट्ट्यात जिथे हातभर उघडं पाणी आहे तिथे, पाण्यात झुकलेल्या बेशरमच्या झुडपांच्या सावलीत, तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीच्या, तोंडाशी. खाडीत हेच शोधायचं. कमळाच्या जागी कांदळवनाची मुळं, तुडुमाच्या जागी खारबंदिस्तीची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे पाणी सोडायची वाट, सांडव्याच्या जागी छोट्या नाल्याचं तोंड. जुन्या धक्क्याचे खांब, पुलाचे खांब, पाण्यात पडलेलं झाड, सगळं चालतं.

एक फरक मात्र डोक्यात ठेवा. तलावातला आडोसा दिवसभर तोच असतो. खाडीतला आडोसा दर तासाला बदलतो. सकाळी ज्या मुळांत कमरेएवढं पाणी होतं तिथे दुपारी चिखल आणि खेकडे असतात. म्हणून पहिल्या दिवशी रॉड घरी ठेवा. पूर्ण ओहोटीला खाडीकाठी जा आणि मोबाइलवर फोटो काढा. कुठे खड्डा आहे, कुठे नाला येऊन मिळतो, कुठला खांब पायापाशी पोखरलेला आहे, हे तेव्हाच दिसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात बोडी आटते तेव्हा आपण तिचा तळ बघून ठेवतो. खाडी तर तळ रोज दाखवते.

मरळीचं घड्याळ

मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी पोकळी असते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. पाणी तापलं, गढूळलं, त्यातला प्राणवायू कमी झाला की ती जास्त वेळा येते. म्हणून एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा कटला-रोहू तोंड वासून मरायला लागतात, तेव्हा मरळ मजेत असते. आणि म्हणूनच ती सापडते.

पाळीवर पोहोचल्यावर लगेच टाकू नका. बसा. कमळाची पानं एका जागी हलताना दिसतील, वारा नसताना. मग दोन पानांच्या मधल्या पाण्यात काळं, बोथट नाक वर येतं, बोटाच्या पेराएवढंच, आणि "गुप्प" असा बारीक आवाज येतो. नाक खाली जातं. लगेच त्याच्या शेजारी दोन-चार बुडबुडे सुटतात. ते बुडबुडे कोणत्या बाजूला सरकले तेवढं बघायचं. मरळ तिकडे तोंड करून आहे. ती लांब जात नाही, बहुतेक वेळा त्याच पाच-सात हातांत पुन्हा येते. मनातल्या मनात मोजत राहा. दुसऱ्यांदा आली की तिचा आकार आणि तिचा वेळ दोन्ही कळतात.

शिकारीची झेप याच्यापेक्षा वेगळी. तिचा आवाज मोठा असतो, पाणी फुटतं, पानं उलटतात. पोरं श्वासाला झेप समजतात आणि थेट डोक्यावर बेंडूक आपटतात. मरळ दचकते, खाली बसते आणि मग बराच वेळ नाकसुद्धा दाखवत नाही. बेंडूक तिच्या चार-पाच हात पलीकडे पानावर टाकायचा, पानावरून हळूच पाण्यात घसरू द्यायचा आणि थांबत थांबत तिच्या अंगावरून आणायचा.

वेळ म्हणाल तर उन्हाळ्यात सकाळी आठ ते अकरा आणि उन्हं कलल्यावर अंधार पडेपर्यंत. हिवाळ्यात गारठ्यात ती सुस्त असते; तेव्हा दहाच्या आधी पाळीवर जाऊन चहाच प्यायचा असेल तर जा. रात्रीचा गडी म्हणजे शिवडा मासा, पण त्याची गोष्ट इथे काढत नाही.

जिताड्याचं घड्याळ

पोरांची सगळी अडचण इथेच आहे. सकाळी सहाला उठून खाडीवर जायचं, अकराला परत यायचं. मरळीची सवय. पण त्या दिवशी सहा ते अकरा पाणी नुसतं भरत असेल तर जिताडा कांदळवनाच्या आत, मुळांच्या जंगलात शिरलेला असतो. तिथे तुमचा दोर पोहोचत नाही, आणि पोहोचला तर परत येत नाही.

जिताड्याला खाणं पाणी आणून देतं. भरतीला कोळंबी आणि बोईट कांदळवनात शिरतात. ओहोटी लागली की त्यांना तिथून निघावंच लागतं, आणि निघायच्या वाटा मोजक्याच असतात: नाल्याचं तोंड, उघाडीची झडप, दोन झाडांमधली घळ. जिताडा तिथे बाजूला, प्रवाहाच्या आडोशाला, तोंड पाण्याच्या धारेकडे करून उभा राहतो. म्हणून बसायची वेळ म्हणजे ओहोटीचा दुसरा अर्धा भाग, आणि पाणी वळल्यावर नव्या भरतीचा पहिला तासभर. मधली दहा-वीस मिनिटं पाणी थबकतं, तेव्हा डबा उघडा.

वेळ काढायला मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात. पण जावयांचा हिशोब मला जास्त आवडतो, कारण तो भिंतीवरच्या कॅलेंडरवरून निघतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. सकाळी जेवढे वाजता, रात्रीही साधारण तेवढेच. ओहोटी त्याच्यानंतर सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, पण बसायला जायला तेवढं पुरतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे या रविवारी जमलेली वेळ पुढच्या रविवारी नेमकी उलटी असते. सुटी फक्त रविवारी असणाऱ्याने हे आधी लिहून भिंतीला चिकटवावं.

आता उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास कमी, तो भांग. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. एक मजली घराएवढं पाणी सहा तासांत येतं आणि जातं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जावयांना म्हटलं, "एवढं पाणी आमच्या धानाला भेटलं असतं तं..." ते म्हणाले, "भाऊ, मीठ खाल काय?" असो. उधाणाला धरमतरच्या खाडीत ओढ इतकी आणि गढूळपणा इतका की रबरी मासा जिताड्याला दिसत नाही. निव्वळ भांगाला पाणी हलतच नाही. मला भांग सरून पाणी वाढू लागतं ते दिवस बरे वाटतात, दशमी ते त्रयोदशी. दशमीला भरती साडेसातला, म्हणजे ओहोटी पावणेदोनपर्यंत. दहाला सावकाश जेवून निघा, अकरा ते अडीच बसा. भर उन्हात मरळवाल्याला हे पटत नाही, पण जिताड्याचं पोट आपल्या घड्याळाकडे बघत नाही.

हंगाम: पावसाळ्याच्या आधीचे दोन महिने आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर. जूनमध्ये त्यांचा विणीचा काळ सुरू होतो आणि खाडीचं पाणीही भरवशाचं नसतं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते; तुम्हाला काठावर कोणी अडवणार नाही, पण तुम्हीही त्या दिवसांत घरी बसा.

सामान

मरळीचा रॉड खाडीवर चालतो. सात फुटी, जड घडणीचा. ब्रेडचा, म्हणजे विणलेला, दोर चाळीस पौंडी. मरळीला आपण ब्रेड थेट बेंडकाला बांधतो, कारण गवत कापत काढायचं असतं. जिताड्याला तसं बांधू नका. त्याचे दात खरखरीत आणि कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार. ब्रेड एका झटक्यात जातो. पुढे मीटर-सव्वा मीटर पन्नास पौंडी जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोर, लावायचा. प्रत्येक माशानंतर त्यावर नख फिरवून बघायचं. खरबडीत लागला तेवढा तुकडा कापून टाकायचा. तंगूस स्वस्त आहे, जिताडा नाही.

रबरी बेंडूक पेटीत राहू द्या. त्याच्याजागी चार-पाच इंची रबरी मासा, शेपटी हलणारा, आत वजनाची गरी. किंवा कडक प्लॅस्टिकचा थोडा खोल जाणारा मासा. कडक माशाला आलेले तिकडी (तीन टोकांचे) गळ बहुतेक वेळा कच्चे असतात, जिताडा ते सरळ करतो. मजबूत गळ बदलून घ्या. जिवंत चारा लावायचा असेल तर बोटभर लांब कोळंबी किंवा वीतभर बोईट. त्यासाठी टोक आत वळलेली गोल गरी घ्या, ती कोपऱ्यात बसते आणि मासा सोडायचा असेल तर सुटतोही. मरळीला मी जिवंत बेंडूक लावणं कधीच सोडलं. रबराचा तेवढंच काम करतो, आणि खरा बेंडूक धानात किडे खातो ते काम रबराचा करत नाही.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोराला लागणारा ब्रेक, मरळीला आपण आवळून ठेवतो. एक हातसुद्धा दोर दिला तर ती गवतात शिरते. जिताड्याला तीन-चार किलोवर ठेवा. अंदाजाने नाही. माझ्याकडे तांब्याची तार मोजायचा लटकता काटा आहे, त्याला दोर बांधतो, रॉड वाकवून ओढतो आणि आकडा बघून ड्रॅग लावतो. भाजी मोजायचा काटाही चालेल.

आणि करंट. माझ्या दुकानात येऊन कोणीतरी दबक्या आवाजात विचारतोच, "बॅटरीवर मासोळी मारायचं काही बनवून देता का?" देत नाही. पिल्लापासून अंड्यावरच्या मादीपर्यंत त्यात सगळंच झोपतं, आणि ओल्या पाळीवर उभा असलेला माणूसही झोपू शकतो. सुरुंग आणि विष टाकून मासे मारायला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

मारणं आणि आणणं

मरळ बेंडकावर तुटून पडली की हात आपोआप उठतो. उठू देऊ नका. तिने बेंडूक तोंडात घेतला आहे, अजून फिरवला नाही. दोराला वजन लागू द्या, एक-दोन म्हणा, मग कंबरेतून झटका मारा, जोरात. तिचा जबडा हाडाचा आहे, नाजूक झटका त्यात बसत नाही. आणि मारल्यावर थांबायचं नाही. डोकं वर, गवताच्या वर, सरळ काठाला. मरळीची झुंज अर्ध्या मिनिटाची असते आणि त्या अर्ध्या मिनिटात ती अंगाला पीळ देत देत खाली जायला बघते. पानांच्या देठांत शिरली तर दोर ढिला सोडून गप्प बसा. ती स्वतः निघते, बहुतेक वेळा श्वासासाठीच.

जिताडा चावत नाही, शोषतो. तोंड उघडलं की पाण्यासकट मासा आत जातो. रॉडवर एक बोथट "टक्" येतो, कधी नुसताच दोर ढिला पडतो. रबरी माशाला तो टक् आला की लगेच मारा, मोजत बसू नका, कारण रबर आहे हे त्याला क्षणात कळतं आणि तो थुंकतो. गोल गरी आणि जिवंत चारा असेल तर उलट: अजिबात मारायचं नाही. दोर स्वतः ताणला की हळूच रीळ फिरवायला सुरुवात करायची, गरी आपोआप कोपऱ्यात जाते. पोरांनो, हे एवढं एक पाठ करा, कारण मरळीवर वाढलेला हात इथे दगा देतो.

मग तो उडी मारतो. अख्खा पाण्याबाहेर, डोकं इकडून तिकडे हापटत. मरळ असं करत नाही, म्हणून आपण बघत राहतो. तेव्हाच गरी सुटते. उडी येणार हे दोराकडे बघून कळतं: दोर पाण्यात कापत वर वर यायला लागतो. लगेच रॉडचं टोक खाली, पाण्याजवळ, बाजूला दाबून धरा. दोर ताठ, टोक खाली. पहिल्या दोन धावा मुळांकडे असतात; त्या वळवल्या की बाकीचं सोपं.

उचलताना मरळीला डोक्याच्या मागे मुठीत धरतो तसं जिताड्याला धरायला जाल तर बोटं कापून घ्याल. कल्ल्यात बोट घालायचंच नाही. खालचा जबडा पकडीने धरा आणि दुसरा हात पोटाखाली.

सोडायचं असेल तर इथे सगळ्यात मोठा फरक. मरळ ओल्या गोणपाटात घातली तर तासन्‌तास जिवंत राहते, बाजारात जिवंतच विकली जाते. त्या सवयीने जिताडा फोटोसाठी चिखलात ठेवला तर तो परत पाण्यात सोडल्यावर उलटा होतो. त्याला हवेतून श्वास घेता येत नाही. पकड, गरी काढ, फोटो, पाण्यात. मिनिटभराचं काम. पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवा, शेपटीने स्वतः धक्का देईपर्यंत. मोठी मादी असेल तर सोडाच. एका विणीत लाखोंनी अंडी घालणारी आहे. जावई म्हणतात, खायला तीन किलोचाच चांगला, त्याच्यावर नुसती चरबी.

ताटाबद्दल दोन ओळी. मरळीला काटे कमी, मांस घट्ट. हिरवी मिरची, लसूण, जरा चिंच, पातळ रस्सा आणि भात. आजारातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे हाच रस्सा देतात. जिताडा मऊ आणि तेलकट; बहीण त्याचं डोकं वेगळं काढून आगरी मसाल्यात करते. ते डोकं जावयाच्या ताटात जातं, माझ्या नाही. याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

चिखल, मीठ आणि परवानगी

खाडीचा चिखल आपल्या बांधीतल्या चिखलासारखा धरून चालू नका. गुडघ्यापर्यंत गेलात की पुढचं पाऊल मांडीपर्यंत जातं, आणि मागून भरती येत असते. एकट्याने उतरायचं नाही. मुळांवर आणि खडकांवर कालवं असतात, अनवाणी पाय फाटतो. बांधून घालायचे जुने बूट वापरा. कांदळवनाची फांदी तोडायची नाही, कायद्याने संरक्षित आहे. रॉड अडतो म्हणून कोयता काढणारे मी पाहिले आहेत.

घरी आल्यावर जेवायच्या आधी रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा, ड्रॅग आवळून, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. पुसून सावलीत वाळवा, बेअरिंगला थेंबभर तेल. वापरलेल्या गऱ्या वेगळ्या डब्यात ठेवा. पेटीत परत टाकल्या तर आठवड्यात शेजारच्या नव्या गऱ्याही तांबरतात. मिठाने सडलेली मोटार मी खोलून बघितली आहे. तांबं हिरवं आणि बेअरिंग दगड झालेलं असतं. रीळ त्याहून नाजूक आहे.

आणि उलट्या दिशेने येणाऱ्यांसाठी. जावई पहिल्यांदा इकडे आले तेव्हा तलावाकडे बघून विचारलं, "भरती कधी?" पोरं हसली. त्यांना मी जे सांगितलं तेच कोकणातून येणाऱ्या कोणालाही सांगेन. आमचे बरेच तलाव जुने मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातले, आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले, आणि त्यांतली मासेमारी आज ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. तलाव रिकामा दिसला तरी त्यात कोणीतरी बीज सोडलेलं आहे. संस्थेच्या माणसाला आधी भेटा. मरळ रोहू-कटल्याची पिल्लं खाते, त्यामुळे मरळीसाठी बहुधा नाही म्हणत नाहीत. काय द्यायचं ते तिथेच ठरवा, आणि चुकून कटला लागला तर तो त्यांचा. पाळीवर बेशरम वाढलेला असतो, त्यात शिरताना काठी आपटत चला, कारण मरळीसाठी बसलेले तुम्ही एकटेच नसता, बेंडकासाठी बसलेला दुसराही कोणी असतो.